शुक्रवारचं टिपरू

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. आणि बसले तरी बोटं बसत नाहीत. टेबल, स्टेअरिंग, कुकरचं झाकण, झोपलेल्या नवऱ्याची पाठ, हाताखाली येईल त्याच्यावर ती चालूच. नवरा म्हणतो, "अगं बाई, मी काय डबा आहे का?" लग्नाला सोळा वर्षं झाली, बिचाऱ्याला अजून सवय नाही.

या बोटांनीच मला गोत्यात आणलं. बहरीनमध्ये मआमीरच्या बाजूला कारखान्यांच्या पट्ट्यात एका कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंग आलं की नंबर टाकायचा, गेलं की नोंद करायची, हरवलं की शिव्या खायच्या. वर्षातून एकदा आग लागली तर काय करायचं याचं ट्रेनिंग असतं. ते द्यायला येते ती साठीची एक आयरिश बाई. केस पांढरेशुभ्र आणि आवाज असा की वेगळा अलार्म नको. दोन वर्षांपूर्वी अशीच ती सिलिंडरची पिन कशी ओढायची ते दाखवत होती आणि मध्येच थांबली.

"हे कोण वाजवतंय?"

अख्ख्या खोलीनं माझ्याकडे बघितलं. मी हात टेबलाखाली घेतला. म्हटलं, झालं, आता सगळ्यांदेखत पाणउतारा. पण बाईनं पिन ओढून दाखवली आणि पुढे शिकवत राहिली. जेवणाच्या सुट्टीत ट्रे घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "शुक्रवारी दुपारी चार वाजता काय करतेस?"

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी कपडे वाळत घालते. तिला म्हटलं, "काही नाही."

बाब अल बहरीन या शहराच्या जुन्या वेशीपासून दहा मिनिटांवर एका जुन्या क्लबचा लाकडी जमिनीचा हॉल आहे. तिथे दर शुक्रवारी तिची मंडळी जमायची. कोण शाळेत शिकवणारं, कोण नर्स, कोण बँकेतलं. दोन फिलिपिनो बहिणी, एक केरळचं जोडपं, एक बहरीनी तरुण जो पांढऱ्या पायघोळ तोबमध्येच नाचायचा. समोरासमोर दोन लांब रांगा करायच्या. कॅनडाचा एक म्हातारा कडेला माइक घेऊन उभा राहायचा, त्याला सगळे कॉलर म्हणायचे. तो सांगेल तसं करायचं: चौघांनी हात धरून फेर, जोडीदाराबरोबर गिरकी, चौघांचे उजवे हात मध्ये. एवढं झालं की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि पुढच्या जोडीशी पुन्हा तेच. असं सरकत सरकत रांगेतल्या प्रत्येकाचा हात तुमच्या हातात येऊन जातो. याला काँट्रा डान्स म्हणतात. टेप नाही, रेकॉर्ड नाही, सगळं समोर वाजतं. ट्रेनिंगवाली बाई फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायची, एक जण अकॉर्डियन, एक गिटार.

आणि भिंतीला टेकवून एक वाद्य ठेवलं होतं. लाकडाचं कडं, त्यावर ताणलेलं कातडं. माझी नजर तिथून हलेना. वाजवणाऱ्याची बदली झाली होती, सामानात बसेना म्हणून तो ते इथेच सोडून गेला होता. फिडलवाली म्हणाली, "त्याला बौरान म्हणतात. घे की हातात. तिथलं टिपर पण घे."

टिपर. मी टिपरू ऐकलं.

सांगते. हलगी दोन काठ्यांनी वाजवतात. डाव्या हातात लांब बारीक काडी आणि उजव्या हातात बुटकी, ते टिपरू. आमच्या घरात हलगी नव्हती, काडी नव्हती, टिपरू तर नव्हतंच. होता फक्त शब्द, आणि तोही शिवीसारखा. माझी बोटं ताटावर वाजायला लागली की अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थांबायचे. "हातात टिपरू घेऊन जन्माला आलीस का गं?" बास. एवढंच. मारलं कधी नाही त्यांनी. पण घास गळ्याखाली उतरायचा नाही.

माझा आजा हलगी वाजवायचा. हौस म्हणून नाही. आमच्या आळीनं वाजवायची, गावानं नाचायचं, असा रिवाज. वरात गावाची, जत्रा गावाची, घाम आमचा. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली. त्यात हलगी सुटली. जयंतीला ढोलकी चालायची, पेटी चालायची, गाणी तर रात्रभर चालायची. हलगी नाही. हलगी म्हटलं की अण्णांचा चेहरा दगड व्हायचा.

तर ती आयरिश बाई टिपर म्हणाली आणि मी सावध झाले. हिला कसं कळलं? हिला कुणी सांगितलं? तुम्ही हसाल, पण खरंच माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. इथेही मराठी माणूस भेटला की दुसरा प्रश्न गावाचा आणि तिसरा आडनावाचा. आमच्या स्टोअरमध्ये शेजारच्या तालुक्यातला एक जण आहे, मी ठरवूनच टाकलं की यानंच तोंड उघडलं. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो बिचारा विचारतोय, "मॅडम, काय चुकलं का?" मी म्हणतेय, "काही नाही, ड्रॉइंग द्या." तिसऱ्या दिवशी नेटवर बघितलं तेव्हा कळलं की आयरिश लोकांत त्या काठीला टिपरच म्हणतात. त्यांचा शब्द त्यांचा, आमचा आमचा. स्टोअरवाल्याला मी चहा पाजला. का पाजला ते नाही सांगितलं.

पण त्या शुक्रवारी मी ते वाद्य उचललं होतं. आणि खाली ठेवता आलं नाही, खरं सांगते.

मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी दुसऱ्या गावचे हलगीवाले जत्रेत यायचे तेव्हा मी आईचा हात सोडून पुढे जाऊन उभी राहायची, तेवढंच शिक्षण. बौरान म्हणे मांडीवर उभं धरायचं, एक हात आतून कातड्याला लावायचा आणि एकाच काठीनं वाजवायचं. मला ते जमेना. मी ते पोटाशी आडवं धरलं, उजव्या हातात टिपर घेतलं आणि डाव्यासाठी घरून कबाबची बांबूची सळई आणली. फिडलवालीनं दोन शुक्रवार मला सुधारायचा प्रयत्न केला, मग म्हणाली, "खलास, तुला हवं तसं वाजव." इथे वीस वर्षं राहून तिला अरबीतले तेवढे चार शब्द येतात. एकदा दमट हवेनं कातडं सैल पडलं, तेव्हा मी बाहेर जाऊन ते गाडीच्या तापलेल्या बॉनेटसमोर धरून उभी राहिले. सगळे खिडकीतून बघून हसले. पण आत आल्यावर असं कडक वाजलं की हसणं बंद.

एकच भानगड होती. माझा हात पळायचा. हलगीला चढायची सवय, सुरुवात सावकाश आणि शेवटी नाचणाऱ्यांचा दम काढायचा. इथे तसं चालत नाही. पहिल्या फेरीला जी लय तीच शेवटच्या फेरीला, नाहीतर गिरकी घेणारी माणसं पडतात. म्हातारा कॉलर तळवा खाली दाबून मला खुणावायचा, हळू, हळू. मी दात दाबून हात आवरायची. दीड वर्ष मी दर शुक्रवारी हात आवरायला शिकत होते.

मग आई गेली. अण्णा गावी एकटे राहिले. मी एकुलती एक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलेला हेडमास्तर, पण कुकरच्या शिट्ट्या किती मोजायच्या ते माहीत नाही. शेजारीण भाकरी आणून द्यायची आणि हे संकोचानं "पोट भरलंय" म्हणायचे. आई गेल्यावर पाच महिन्यांत आठ किलो उतरले. मी भांडून, रडून, शपथा घालून त्यांना इकडे आणलं. व्हिजिट व्हिसा होता, म्हटलं संपेपर्यंत राहा, निदान अंगावर थोडं मांस चढू दे, मग बघू.

आम्ही हमद टाउनला राहतो. तिथे पत्ता म्हणजे चौक, इथल्या भाषेत दुवार, आणि प्रत्येक दुवारला नंबर. अण्णा रोज सकाळी एक एक दुवार पुढे जाऊन यायचे आणि वहीत लिहायचे, आज अमुक नंबरपर्यंत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून यल्ला म्हणजे चला आणि मफी म्हणजे नाही, एवढं शिकले. जेवायला लागले. एकदा तर भात मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आणि दर शुक्रवारी मी त्यांच्याशी खोटं बोलत होते. "ऑफिसचं काम आहे." चार शुक्रवार. त्यांना दुपारचा चहा करून द्यायचा, ओढणी घ्यायची, किल्ली घ्यायची आणि निघायचं. रस्ताभर जीव नुसता वरखाली. वाजवताना खोटं आठवायचं, घरी आल्यावर वाजवणं आठवायचं. त्रेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि लपूनछपून पळतेय शाळेतल्या पोरीसारखी. माझाच मला राग यायचा.

फोडलं ते नवऱ्यानं. मुद्दाम नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही एवढंच. गुरुवारी जेवताना म्हणाला, "अण्णा, उद्या मला शिफ्ट नाही. हिचं वाजवणं लवकर संपलं तर समुद्रावर जाऊ."

अण्णांनी भाकरी ताटात ठेवली. आता अण्णांचं एक आहे. त्यांना राग आला की ते ओरडत नाहीत, त्यांची भाषा शुद्ध होते. आणि फारच राग आला तर मला, पोटच्या पोरीला, आपण म्हणतात.

"आपण काय वाजवता?"

"बौरान. आयरिश वाद्य आहे, अण्णा. तुम्हाला वाटतं तसलं नाही."

"कडं लाकडाचं आहे?"

"हो."

"त्यावर कातडं आहे?"

"...हो."

"काठीनं वाजवता?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"मग ती हलगी आहे. नाव काहीही असो." ते उठले, हात धुतले. "माझं तिकीट काढावं. पुढच्या रविवारचं."

मला समजुतीनं बोलता आलं असतं. पण मी कुणाची पोर? तळपायाची आग मस्तकात गेली. "काढते की!" म्हटलं आणि तिथेच, खरकट्या हातानं, फोनवर तिकीट काढून टाकलं. नवरा "अगं, अगं" म्हणेपर्यंत मेसेजसुद्धा आला.

मग बसले बोंबलत.

त्या शुक्रवारी मी गेले नाही. घर पुसलं. पुन्हा पुसलं. अण्णा त्यांच्या खोलीत बॅग भरत होते. ते जाणार, त्या रिकाम्या घरात दार लावून बसणार, पोट भरलंय म्हणणार, आणि एक दिवस शेजारणीचा फोन येणार, हे मला दिसत होतं. आणि त्याच्याच शेजारी हेही दिसत होतं, की मी ते वाद्य सोडलं तर मी आतून सुकेन. हे बोलायला लाज वाटते. बापापेक्षा लाकडाचं कडं मोठं का? नाही. पण बोटं ऐकेनात त्याला मी काय करू? शनिवार, रविवार, सोमवार, आम्ही दोघं एका घरात आणि बोलणं फक्त "चहा?", "नको", "पाणी?", "असू द्या."

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांना बाब अल बहरीनच्या बाजारात घेऊन गेले. गावी जाताना मोकळ्या हातानं कसं जायचं? त्यांनी एक टॉर्च घेतला फक्त. परत येताना सिग्नलला गाडी थांबली आणि माझी बोटं स्टेअरिंगवर सुरू झाली. लक्षात आलं तशी मी हात घट्ट आवळला. म्हटलं, आता येणार ते वाक्य.

वाक्य आलं नाही. अण्णांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला.

"हलग्या सगळ्यांनी एकाच दिवशी फोडल्या," ते म्हणाले. समोर रस्त्याकडे बघत. "माझ्या बापानं विळ्यानं कातडं फाडलं आणि कडं चुलीत घातलं. मी आठ वर्षांचा. टाळ्या वाजवल्या मी. गावानं मग आमचं दळण बंद केलं, पाणी बंद केलं. बाप डगमगला नाही. फोडली ते बरोबरच केलं, आजही म्हणतो."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी गाडी काढली.

"पण त्याची बोटं थांबली नाहीत. मरेपर्यंत मांडीवर चालू असायची. मी मास्तर झालो, घरी पाव्हणे यायचे, शिकलेली माणसं. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, तात्या, हात आवरा. मग तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचा. म्हातारा माणूस. स्वतःच्या घरात."

पुढचे दोन दुवार मी गाडी हळू चालवली. मला रस्ता नीट दिसत नव्हता. घर आलं तेव्हा ते म्हणाले, "शुक्रवारी मला तिथं न्या. जायच्या आधी बघायचं आहे, आपल्याला काय म्हणून ठेवलंय तिथं."

आपल्याला. म्हणजे मला की आम्हा सगळ्यांना, तेव्हाही कळलं नाही.

शुक्रवारी अण्णांनी कोट घातला. बहरीनच्या उकाड्यात कोट! खिशाला पेन, हातात वही. शाळा तपासायला निघालेले साहेब. हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसले आणि तपासणी सुरू झाली. बँड कुठे बसतो. पाणी कुठून पितो. मधल्या सुट्टीत सँडविच, समोसे एकाच टेबलावर होते. फिडलवाली पहिली प्लेट त्यांच्यासाठी घेऊन आली, "सर" म्हणाली. त्यांनी घेतली, उभं राहून थँक्यू म्हणाले, खाल्लं. मी चोरून बघतेय. वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, पास झालो बहुतेक.

सुट्टी संपता संपता त्यांनी मला बोटानं बोलावलं.

"काठ्या बरोबर धरता," ते म्हणाले. "वाजवताही चांगलं. बापाची आठवण झाली."

"अण्णा..."

"एक विचारू? किती दिवस झाले इथं येऊन?"

"दोन वर्षं होतील."

"त्यात कितीदा नाचलात?"

"मी?" मी हसले. "मी बँडमध्ये आहे. मी कशी नाचणार?"

"तेच विचारतो," अण्णा म्हणाले. "इथंही आपण वाजवायचं आणि त्यांनी नाचायचं. मग बदललं काय?"

असा राग आला मला! इथे कोण कुणाला ओळखतं? कोण जात विचारतं? फिडलवाली काय नाचते का? अकॉर्डियनवाला नाचतो का? पन्नास उत्तरं तोंडात आली आणि सगळी खोटी होती. कारण फिडलवाली नाचायची. अधूनमधून फिडल ठेवून द्यायची आणि रांगेत घुसायची. अकॉर्डियनवालासुद्धा. त्यांनी मलाही कितीदा बोलावलं होतं, "चल, एक तरी." मीच नाही म्हणायचे. पाय दुखतोय, लय तुटेल, मला येत नाही. आणि खरं कारण मी दोन वर्षं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. रांगेत प्रत्येकाचा हात धरावा लागतो. समोरचा आपला हात कसा धरेल, पूर्ण की नुसती बोटं, हे मला बघायचं नव्हतं. मला कुणीच अडवलं नव्हतं. त्या कड्याच्या मागे मीच जाऊन बसले होते.

कॉलर माइकवर ओरडला, "यल्ला, जोड्या करा!"

मी स्टेजवर गेले, वाद्य भिंतीला टेकवलं. फिडलवालीनं भुवया वर केल्या. मी म्हटलं, "आज मी नाचते." तिनं फिडल हनुवटीखाली घेतलं. मी खाली उतरले आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. एकटी. समोर जोडीदार नाही. सगळ्यांच्या जोड्या झालेल्या. वाटलं पळून जावं.

तेवढ्यात समोर कोट दिसला. अण्णांनी वही खुर्चीवर ठेवली होती. कोटाची बटणं लावत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. शहात्तर वर्षांचा माणूस. आयुष्यात कधी नाचलेला नाही, वरातीत नाही, जयंतीत नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

कॉलरनं एकदा सगळं चालत दाखवलं. मग बँड सुरू झाला. आम्ही चुकलो, धडकलो. मी डावीकडे गेले, अण्णा उजवीकडे. पहिला फेर धरायला केरळच्या जोडप्यानं हात पुढे केले आणि अण्णा क्षणभर त्या हातांकडे बघतच राहिले. मग त्यांनी धरले. पुढच्या घराला फिलिपिनो बहिणी. त्यापुढे तो बहरीनी पोरगा, त्यानं तर अण्णांचा पंजा दोन्ही हातांत घेतला. माझ्याही हातात एक एक हात येत होता, गरम, घामट, पक्का. कुणीही नुसती बोटं धरली नाहीत. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचलं की त्या जोडीला एक फेरी बाहेर थांबावं लागतं. आम्ही थांबलो. अण्णा धापा टाकत होते. कपाळावरून घाम ओघळत होता, कोट पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "बसा आता, अण्णा. बास झालं."

ते स्टेजकडे बघत होते. कान देऊन.

"फिक्कं वाजतंय," ते म्हणाले. "खालून काही उचलतच नाही."

"मी इथे आहे ना. कोण उचलणार?"

"मग जा की, बाळ." एका आठवड्यानं आपण गेलं आणि बाळ आलं. "ते तिकीट बदलता येतं का बघ नंतर. आणि जा, वाजव. मी नाचतो."

"एकटे?"

"एकटा का? हे एवढे हात आहेत."

मी गेले. वाद्य उचललं, टिपर घेतलं, सळई घेतली आणि चालू सुरात मिसळले. खाली सगळ्यांच्या पायाला एकदम फरक पडला, मला वरून दिसला. कॉलर आता बोलत नव्हता. नाच पाठ झाला की तो गप्प होतो. त्यानं माइक ठेवला, खाली उतरला आणि माझी रिकामी जागा घेऊन अण्णांच्या समोर उभा राहिला. दोन म्हातारे. एकाचा गुडघा बदललेला, एकाचा कोट ओला. त्यांनी एकमेकांचे हात धरले आणि गिरकी घेतली.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजली. तिच्यावर गाव नाचलं, पाटलांच्या वराती नाचल्या, देवांच्या पालख्या नाचल्या. आमच्या घरातलं माणूस तिच्यावर कधी नाचलं नव्हतं. आज नाचत होतं. माझा हात पळायला लागला. आवरायचा होता, दीड वर्ष तेच शिकले होते, पण आज आवरेना, आणि मला दटावायला कॉलर जागेवर नव्हता. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पाय उचलला.

वाजवता वाजवता फिडलवालीनं एक पाय हवेत वर धरला. बँडमध्ये ती खूण असते, की ही शेवटची फेरी, आता थांबायचं.

मी तिच्याकडे बघून मान हलवली. नाही.

तिनं खाली रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाय खाली ठेवला.